बाजाराचा कचरा

कचरा कशाला म्हणतात? प्रश्न सोपा वाटतो. जे नको झाले आणि फेकून दिले, तो कचरा. असेच उत्तर आपण सारे देऊ. हे उत्तर बरोबर आहे का, ते आपल्याच गावात फिरून पाहू.

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत. तुमच्यापैकी काही जण तिथे कामालाही असतील. तिथे पत्र्यातून गोल चकत्या कापतात. चकती दाबली की तिचे ताट होते, वाटी होते, पातेले होते. गोल कापल्यावर पत्र्याचे कोपरे उरतात. किती उरतात? चौकोनात मावेल तेवढे मोठे वर्तुळ कापले, तरी शंभर किलो पत्र्यातले एकवीस किलोंहून जास्त कोपऱ्यांत जाते. विश्वास नसेल तर घरातल्या आठवी-नववीतल्या पोराला हे गणित मांडायला सांगा. त्याचाही अभ्यास होईल.

आता सांगा, हे कोपरे कोणी रस्त्यावर टाकलेले तुम्ही पाहिले आहेत का? आम्ही तर कधी पाहिले नाहीत. कोपरे गोणीत भरतात, गोणी काट्यावर चढते आणि भंगाराच्या व्यापाऱ्याकडे जाते. पुढे ते भंगार भट्टीत वितळते आणि पुन्हा पत्रा होऊन येते. स्टील कितीही वेळा वितळवा, ते स्टीलच राहते.

त्याच कारखान्यांच्या गल्लीत दाराशी एखादे पिंप ठेवलेले असते. त्यात चहाचे कागदी कप, वडापावचे तेलकट कागद, दुधाच्या पिशव्या, मालाची खोकी, डब्यातली उरलेली भाजी आणि झाडलोटीची धूळ, सारे एकत्र पडते. रात्री ते पिंप गल्लीच्या कोपऱ्यावर उपडे होते.

कोपरे उरलेले आणि पिंपातले जिन्नसही उरलेलेच. मग एक माल का ठरला आणि दुसरा कचरा का? कोणी म्हणेल, "स्टीलला भाव आहे हो, म्हणून." ते खरंच आहे. पण पुठ्ठ्यालाही भाव आहे, बाटलीला आहे, दुधाच्या पिशवीलासुद्धा आहे. फक्त तो कोरड्या आणि स्वच्छ जिनसाला आहे. भाजीच्या पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला कोणी विचारीत नाही. उलट बाजूनेही तसेच. भाजीच्या देठांचे उत्तम खत होते, पण त्यात काचेचा तुकडा आणि ब्लेड पडले की ते खत कोणता शेतकरी हातात घेईल? दोन चांगले जिन्नस एकमेकांत मिसळले आणि दोन्ही वाया गेले. बाजारातला पुष्कळसा कचरा असा मिसळण्यातून तयार होतो.

हे मिसळलेले पिंप पुढे कुठे जाते? "गाडी येते, घेऊन जाते," असे लोक सांगतात. गाडी नेते हे खरे. पण कुठे नेते?

आपले शहर फार जुने नव्हे. मिरे, काशी, नवघर, घोडबंदर, भाईंदर ही निरनिराळी गावे होती. मिठागरे होती, भातशेती होती. १९८५ साली नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती आठ लाखांच्या वर भरली, आणि त्यानंतरही इमारती उठतच आहेत. एवढ्या वस्तीचा आणि तिच्या बाजाराचा कचरा रोज चारशे टनांहून अधिक निघतो. एक टन म्हणजे हजार किलो. तांदळाचे पोते पन्नास किलोचे धरले, तर ही रोजची आठ हजार पोती झाली.

हा कचरा वर्षानुवर्षे उत्तनकडे जात आला आहे. तिथे धावगीच्या डोंगरावर महानगरपालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. तिथे कचऱ्याचे मोठे ढीग साचले आणि त्या ढिगांना अनेकदा आग लागली. आग कोण लावतो, असे लोक विचारतात. कधी कोणी लावलीही असेल. पण मिसळलेला ढीग मुळातच पेटायला तयार असतो. तो कसा, हे समजून घ्या. ओला कचरा ढिगाच्या तळाशी दाबला जातो. तिथे हवा पोचत नाही. हवेवाचून तो कुजतो आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. गोबरगॅसच्या टाकीतून चुलीसाठी आपण जो घेतो तोच हा वायू. कुजताना ढीग आतून तापतो. आणि त्या वायूच्या भोवती काय आहे? तर कोरडे प्लास्टिक, कागद, चिंध्या, थर्माकोल. चुलीत सरपण रचावे तसे रचलेले. मग एक ठिणगी पुरते. बंबाने वरची ज्वाळा विझते, पण आतले धुमसणे चालूच राहते. प्लास्टिकचा धूर विषारी असतो. तो नाकातोंडात जातो, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याचा तर जीव घाबरा होतो.

पावसाळ्यात दुसरेच दुखणे. ढिगातून पाणी झिरपते ते काळे आणि घाण होऊन खाली उतरते. डोंगराखाली शेते आहेत, विहिरी आहेत, माणसे आहेत. उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे. बांबू उभे करून त्यांवर बोंबील वाळत घातलेले तुम्ही तिथे पाहिले असतील. तिथल्या लोकांनी या ढिगाविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, आंदोलने केली. प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. आम्हांला वाटते, स्टेशनच्या बाजारात बसणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने एकदा बस धरून तिकडे जाऊन यावे. आपल्या पिंपातले काय कोणाच्या दारी जाऊन जळते, ते डोळ्यांनी पाहिल्यावर फार सांगावे लागत नाही.

गाडीत न चढणारा कचराही उत्तनला पोचतोच. तो गटारातून जातो. पहाटे दुकानापुढची जागा झाडून केर गटारात लोटणारे लोक आपण रोज पाहतो. गटार नाल्याला मिळते, नाला खाडीला, खाडी समुद्राला. समुद्रात कोळ्याचे जाळे असते. जाळे ओढले की मासळीबरोबर पिशव्या आणि वेष्टने येतात. ती निवडून काढण्यात वेळ जातो तो जातोच, शिवाय जाळ्याची खराबी. कोळी बाजारात मासळी देतो आणि बाजार त्याला पिशव्या देतो, असा हा व्यवहार चालला आहे.

नाला तुंबला तर पाणी आपल्याच दुकानात शिरते, हेही विसरू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे चांगली गटारेही हरली असती. पण प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारे तुंबून पाणी अधिकच अडले, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिले.

आता बाजारात शिरू. घराचा कचरा आणि बाजाराचा कचरा यांत एक मोठा फरक आहे. घरात थोडे थोडे सगळेच निघते. दुकानात एकच जिन्नस पुष्कळ निघतो. कापडाच्या दुकानात प्रत्येक सदऱ्यामागे एक पिशवी, एक पुठ्ठा आणि चार टाचण्या. वाण्याकडे खोकी, गोण्या, सुतळी. शिंप्याकडे कातरण. भाजीवाल्याकडे फ्लॉवरचा पाला आणि मटारची टरफले. फुलवाल्याकडे शिळी फुले. मासळीबाजारात खवले, आतडी आणि थर्माकोलची खोकी. एकेक जिन्नस असा ढिगाने निघतो, म्हणून बाजाराचा कचरा वेगळा ठेवणे घरापेक्षा सोपे आहे. कापडवाल्याने ठरवले तर त्याच्या दुकानात ओला कचरा म्हणजे फार तर चहाचा चोथा आणि जेवणाच्या डब्यातले खरकटे. त्याला एक लहान डबा पुरे.

शहाळेवाल्याचे मात्र वेगळेच आहे. शहाळे जड असते, लवकर कुजत नाही, आणि फोडलेल्या शहाळ्यात पावसाचे पाणी साठते. अशा साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणून शहाळी उघड्यावर टाकू नयेत. ती तोडून वेगळी ठेवली तर त्यांच्या काथ्याचा आणि भुशाचा रोपवाटिकेला उपयोग होतो. मिसळली तर गाडीची निम्मी जागा तीच खातात.

काही जिन्नस थोडे असतात, पण ते जपूनच हाताळायला हवेत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या फुगलेल्या बॅटऱ्या. न्हाव्याच्या दुकानातली ब्लेडे. जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्या, ज्यांत पारा असतो. दवाखान्यातल्या सुया तर कधीच या कचऱ्यात येता कामा नयेत. त्यांची सोय वेगळी आहे आणि ती दवाखान्याने करायची आहे. मोबाइलची बॅटरी दाबली गेली की पेटते. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबतात. पुढचे तुम्हीच समजा.

बाजारात पहाटे एक बाई गोणी घेऊन फिरते. प्रत्येक बाजारात फिरते. तिच्याकडे आपण पाहत नाही. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहराकडे आलेल्या कितीतरी कुटुंबांतल्या बायांनी हे काम धरले. पुढे त्यांच्या लेकीसुनाही त्यातच राहिल्या. असे एक बोलणे आमच्या कानावर पडले, ते सांगतो. बाई खोकी गोळा करीत होती. वाणी नुकताच दुकान उघडत होता.

"शेठ, खोकी येगळी ठिवत जा की."

"मावशी, टाकलीयेत ना तिथंच. घे की त्यातनं."

"घेते, पर त्याच्यावर चा वतलाय, भाजी पडलीय. भिजला पुठ्ठा की भंगारवाला भाव पाडतोय. कवा कवा घेतच न्हाई."

"मग काय करू? घडी घालून ठेवू काय तुझ्यासाठी?"

"घडी नगा घालू. नुसतं आत ठिवा. सकाळच्याला मी येते, मी घालते घडी."

वाणी हसला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने खोकी आत ठेवली. का ठेवली? आमचा अंदाज असा की त्याने मनात हिशोब केला. तो हिशोब आपण करू. समजा, दुकानातून रोज सहा किलो पुठ्ठा निघतो आणि किलोला दहा रुपये भाव आहे. भाव वरखाली होतो, पण हिशोबापुरता धरू. रोजचे साठ रुपये झाले. महिन्याला सव्वीस दिवस दुकान उघडे, म्हणजे १,५६० रुपये. हा पुठ्ठा भिजवला तर हे पैसे कोणालाच मिळत नाहीत. वाण्यालाही नाही, मावशीलाही नाही. शिवाय तो ओला पुठ्ठा उत्तनला नेण्याचे डिझेल महानगरपालिकेचे, म्हणजे आपल्याच कराचे. वाण्याला दिवसाचे साठ रुपये फार वाटत नसतील. अशी पाच दुकाने मिळाली तर मावशीची दिवसाची मजुरी होते.

या बायांची गणती सरकारदरबारी व्हावी म्हणून पुण्यात मोठे काम झाले. १९९३ साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्रे मिळाली. पूर्वी पोलीस त्यांना चोर समजून हटकत. ओळखपत्र हाती आल्यावर त्या सांगू लागल्या की हे आमचे काम आहे. पुढे याच बायांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. त्या दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात, घरटी व दुकानवार ठरलेले शुल्क घेतात, आणि सुक्यातले विकून येणारा पैसाही त्यांचाच. दार सुटले आणि कचरा कुंडीत गेला की त्यांची मिळकत गेली. म्हणून कचरा वेगळा राहावा ही काळजी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला नसते.

कोकणात वेंगुर्ले नगरपरिषदेनेही असेच करून दाखवले. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा वेगवेगळा घेणे सुरू झाले आणि कचरा टाकण्याच्या जागेचे रूप असे पालटले की लोक ती पाहायला जाऊ लागले. वेंगुर्ले लहान आहे, आपले शहर मोठे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण एक गल्ली वेंगुर्ल्याहून लहानच असते.

आता कायद्याचे थोडे. ते वाचता येणे आपल्या फायद्याचे आहे, कारण पावती फाडताना कोणी समजावीत बसत नाही. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद, असे त्यात ठरले. तरी पिशव्या बाजारात दिसतात. गिऱ्हाईक मागते म्हणून आम्ही देतो, असे भाजीवाला म्हणतो. भाजीवाला देतो म्हणून आम्ही घेतो, असे गिऱ्हाईक म्हणते. दोघांचेही खरे आहे! आम्ही लहान असताना वाणी कागदाच्या पुड्या बांधून देई आणि तेलाला घरून बाटली न्यावी लागे. त्या काळी सगळेच चांगले होते असे आमचे म्हणणे नाही, पण पिशवी घरून नेण्यात कोणाची अब्रू जात नव्हती.

कचऱ्याचे नियम केंद्र सरकारने २००० साली केले, २०१६ साली ते बदलले, आणि २०२६ साली पुन्हा नवे काढले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी पॅड व डायपर यांसारखा, आणि बल्ब, औषधे, रंगाचे डबे असा जपून हाताळायचा. दिवसाला शंभर किलो किंवा जास्त कचरा काढणाऱ्या मोठ्या ठिकाणांवर जादा जबाबदारी आहे. मोठी हॉटेले आणि मॉल त्यांत येतात. अशांनी ओल्या कचऱ्याची सोय होईल तिथवर आपल्याच जागेत करायची. लहान दुकानदाराला एवढे नाही. त्याने वेगळा ठेवावा आणि वेगळा द्यावा. रस्त्याकडेला केर पेटवणे मात्र कोणालाच माफ नाही. थंडीत पहाटे टायर आणि पिशव्या पेटवून शेकत बसणे हेही त्यातच आले.

"आम्ही वेगळा ठेवू हो, पण पुढे गाडीत एकच होतो, त्याचे काय?" हा प्रश्न आम्हांला जिथे तिथे ऐकू येतो आणि तो रास्त आहे. गाडीत दोन कप्पे असूनही घाईत दोन्ही डबे एकाच कप्प्यात पडले, तर दुकानदाराचे मन खट्टू होणारच. पण गाडीवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही. त्याची वेळ मोजलेली असते. बाजार उशिरा मिटतो आणि गाडी आधीच येऊन गेली, तर कचरा कोपऱ्यावर पडणार आणि रात्रभरात कुत्री, गुरे, उंदीर तो विस्कटणार. वेळ जुळवणे हे अर्ध्याहून अधिक काम आहे. ती जुळवण्यासाठी गल्लीने एकत्र मागणी करावी आणि ती तोंडी न करता लेखी करावी. तोंडी बोललेले साहेब बदलला की संपते.

त्याआधी आपल्या दुकानात तीन डबे ठेवा. खडूने किंवा रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा: "ओला", "सुका", "जपून". गिऱ्हाइकालाही वाचता येईल असे लिहा. ओल्याला झाकण हवे. सुक्याला गोणी चालेल. "जपून" म्हणजे ब्लेड, काच, बॅटरी, बल्ब. हा डबा पत्र्याचा असावा. काच आधी कागदात गुंडाळावी, म्हणजे ती उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.

मग अर्ज लिहा. नमुना खाली दिला आहे. मोकळ्या जागी आपल्या गल्लीचे नाव आणि वेळ घालावी.

प्रति,
मा. आयुक्त,
मीरा-भाईंदर महानगरपालिका.

विषय: बाजारातील ओला व सुका कचरा वेगवेगळा उचलण्याची वेळ ठरवून मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही ______ गल्लीतील दुकानदार आहोत. आमची दुकाने रात्री ____ वाजता बंद होतात. आम्ही ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवण्यास सुरुवात केली आहे. तरी दुकाने बंद होण्याच्या वेळी गाडी यावी, ही विनंती. ओला कचरा रोज व सुका कचरा ठरलेल्या वारी नेला तरी चालेल. आमच्या गल्लीत सुका माल वेचणाऱ्या भगिनींना तो वेचण्यास मुभा असावी. गाडीची वेळ आम्हांस लेखी कळवावी, म्हणजे आम्ही ती गल्लीच्या फलकावर लिहू.

आपले,
____ गल्लीतील दुकानदार
(प्रत्येकाने आपल्या हाताने सही करावी. अंगठा नको.)

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. हिला पोच म्हणतात. ती दुकानात पावत्यांच्या तारेला लावून ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही, तर पोचेची तारीख घालून दुसरा अर्ज लिहावा.